शर्यतीचा बैल व नीतिमानाचें लक्षण

ह्या आठवड्याचा पाठ : नीतिसूत्रें १२:१०. घरीं वाचावयाचे उतारे : निर्गम २३:९-१२, अनुवाद २२:१० व २५:४, गणना २२:२१-३३, करिंथकरांस पहिलें पत्र ९:२४-२७.

त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील तीन लहान मंडळ्यांकडून आमच्याकडे एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं आला आहे. गांवोगांवच्या जत्रांत बैलगाड्यांच्या शर्यती पुन्हां सुरू झाल्या आहेत. त्या पाहावयास ख्रिस्ती मनुष्यानें बायकामुलांसह जावें कीं नाहीं? एका उपदेशकानें लिहिलें आहे कीं, आपण सकाळच्या भक्तींत मनाई केली, तरी दुपारीं अर्धी मंडळी मैदानावर होती. दुसऱ्यानें लिहिलें आहे कीं, बैल धांवल्यानें पाहणाऱ्याच्या आत्म्याची काय हानि होते हें आपणांस समजत नाहीं. तिसऱ्याचें पत्र सर्वांत लहान व सर्वांत कठीण आहे. त्याच्या मंडळींतील एक तरुण, घरांत विधवा आई व लग्नाची बहीण असतां, भाताचें खाचर गहाण टाकून शर्यतीचा खोंड विकत घेण्याच्या बेतांत आहे. आणि तो म्हणतो, ह्याविरुद्ध शास्त्रांतील एक तरी वचन मला दाखवा.

ह्या प्रश्नांचें उत्तर एका शब्दांत देतां येईल. परंतु तसें उत्तर दिल्यानें मंडळी शास्त्राकडे न पाहतां पाळकाच्या तोंडाकडे पाहावयास शिकते, आणि पाळकाची बदली झाली कीं उत्तरही बदलतें. म्हणून आपण हा विषय पाठ म्हणूनच घेऊं.

प्रथम सरकारी कायदा काय आहे तें सांगितलें पाहिजे, कारण त्याविषयीं खेड्यांत पुष्कळ गोंधळ आहे. प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशांत १९६० सालीं झाला. ज्या जनावरांस शिकवून त्यांचे खेळ करूं नयेत त्यांच्या यादींत अस्वल, माकड, वाघ, सिंह ह्यांच्या जोडीला २०११ सालीं बैलाचेंही नांव घालण्यांत आलें. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तमिळनाडूंतील जल्लिकट्टू व महाराष्ट्रांतील बैलगाडी-शर्यत हीं दोन्हीं बंद केलीं. २०१७ सालीं आपल्या विधिमंडळानें कायद्यांत दुरुस्ती केली, पण त्याच वर्षीं मुंबई उच्च न्यायालयानें शर्यती अडवून धरल्या. पुढें १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अटी घालून परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें ती दुरुस्ती वैध ठरविली. तेव्हां शर्यत आज कायदेशीर आहे, पण मोकाट नाहीं. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते, पशुवैद्याकडून जनावरें तपासून घ्यावीं लागतात, चाबूक, काठी, पराणी किंवा विजेचा झटका ह्यांचा उपयोग करतां येत नाहीं. अटी मोडणारास पांच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. जेथें परवानगी काढलेली नाहीं, तेथें ख्रिस्ती मनुष्यानें पाऊल ठेवूं नये. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय वाचला म्हणजे ह्याविषयीं अधिक बोलावयास नको. पैजेचा पैसा लावणें हाही १८८७ सालापासून चालत आलेल्या जुगारबंदीच्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे, मग पैज पांचशेंची असो कीं पांच हजारांची.

पण जें चालतें तें सर्व हिताचें असतें असें नाहीं, हें पौलानें करिंथच्या मंडळीस एकाच पत्रांत दोनदां सांगितलें आहे. म्हणून कायद्यापुढें जाऊन वचनाकडे वळूं.

आपल्या पाठाचें वचन दोन अर्धांचें आहे. पहिल्या अर्धांत नीतिमान मनुष्य व त्याचा पशु ह्यांचा संबंध सांगितला आहे. पुष्कळ भाषांतरांत तेथें काळजी घेणें ह्या अर्थाचा शब्द येतो, व तो चुकीचा नाहीं. परंतु मूळ इब्री क्रियापद जाणणें असें आहे. नीतिमान मनुष्य आपल्या पशूचा 'नेफेश' जाणतो. नेफेश ह्या शब्दांत जीव, श्वास, भूक, इच्छा, मन हें सर्व येतें. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत देवानें मातीच्या पुतळ्यांत प्राण फुंकल्यावर मनुष्य जें झाला त्यासाठीं हाच शब्द आहे. आणि पहिल्या अध्यायांत पाण्यांतील जीव व रानांतील पशु ह्यांच्यासाठींही हाच आहे. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे व बैल नाहीं, हा भेद शास्त्रानें कधींही पुसलेला नाहीं. पण ज्याला भूक लागते, ज्याला भय वाटतें, ज्याचा श्वास लागतो, असा जीव दोघांतही आहे.

आतां निर्गमाचा तेविसावा अध्याय उघडा. नवव्या वचनांत देव इस्राएल लोकांस बजावितो कीं, परक्या मनुष्यावर जुलूम करूं नका, कारण परक्याचा नेफेश तुम्ही जाणतां. तुम्हीही मिसरांत परके होतां. क्रियापद तेंच, नामही तेंच. आणि तीनच वचनांनंतर सातव्या दिवशीं बैलाला व गाढवाला विसावा देण्याची आज्ञा आहे. ज्यांच्या पाठीवर मिसरी मुकादमांचे फटके पडले होते, त्यांनींच बैलाचा थकवा ओळखावा अशी देवाची अपेक्षा होती. आमच्या डोंगराळ भागांतील वाचकांस हें समजावून सांगण्याची फारशी गरज नाहीं. आपल्या आजापणजांना वेठबिगार ठाऊक होती. साहेबाच्या डेऱ्याचें ओझें पोटाला भाकरी नसतां कोसच्या कोस वाहावें लागे. मोबदल्याशिवाय धांवावयास लावणें म्हणजे काय, हें ज्यांच्या घराण्याच्या आठवणींत आहे त्यांनीं हें वचन इतरांपेक्षां लवकर समजावें.

वचनाचा दुसरा अर्ध पुष्कळजण न वाचतांच पुढें जातात, आणि आमच्या मतें सगळा प्रश्न त्यांतच आहे. दुष्टाची दयासुद्धां क्रूर असते, असा त्याचा आशय आहे. दुष्ट मनुष्य जनावराला उपाशीं मारतो असें तेथें म्हटलेलें नाहीं. तो लाड करतो, आणि ते लाडच क्रूर असतात. ही गोष्ट आम्हांस पुस्तकांतून जेवढी समजली नव्हती, तेवढी एका दुपारीं मैदानावर समजली. ती आतां सांगतों.

शर्यत न पाहतांच तिच्यावर लिहिणें बरें नव्हे असें वाटल्यावरून, भाताची मळणी उरकल्यावर आम्ही एका शनिवारीं सहकुटुंब, म्हणजे मुलांची आई, नऊ वर्षांची कन्या व तेरा वर्षांचा मुलगा अशीं, त्र्यंबकेश्वराहून एस. टी.नें शर्यतीच्या गांवीं गेलों. परवानगीचा कागद मैदानाच्या तोंडाशींच फलकावर लावला होता, म्हणून आंत जाण्यास मन निःशंक होतें. ब्रह्मगिरि मागें दिसत होता. उसाचा रस, भेळ, फुगे, कर्ण्यावर गाड्यांची नांवें पुकारणारा मनुष्य, उन्हांत डोक्यावर टॉवेल टाकून बसलेले म्हातारे. जत्रा म्हटली म्हणजे जें जें असतें तें सर्व होतें, आणि मुलांना आनंद झाला हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आम्हांलाही झाला. दोन पांढरे बैल माना पुढें काढून, शिंगें पाठीकडे टाकून, एकाच पावलानें धांवत येतात, तेव्हां तें दृश्य सुंदरच असतें. ईयोबाच्या पुस्तकाच्या एकुणचाळिसाव्या अध्यायांत देव स्वतः घोड्याच्या आवेशाचें वर्णन करतो, तें का करतो हें त्या वेळीं कळतें.

ह्या शर्यतींचे प्रकार प्रांताप्रांतांत निराळे आहेत. पुण्याकडे चढाच्या घाटावर चार बैल गाडा ओढतात व त्यांच्यापुढें घोडी पळविली जाते. सातारा-सांगलीकडे हलक्या छकड्यावर हांकणारा उभा असतो. विदर्भांत ह्याला शंकरपट म्हणतात. बैल बहुधा खिल्लारी असतात, म्हणजे सातारा, सांगली व सोलापूर ह्या बाजूचे, पांढरे, सडपातळ व लांब शिंगांचे. आपल्या घरचे डांगी बैल निराळे. त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, अकोले ह्या पावसाच्या मुलखांत तेच टिकतात. त्यांच्या कातडीवर एक तेलकट ओलावा असतो व पाऊस तिच्यावरून निथळून जातो. गुडघाभर चिखलांत भाताची चिखलणी करावी ती डांगी बैलानेंच. त्याला कोणी शर्यतींत नेत नाहीं, आणि हें त्याचें भाग्यच म्हणावयाचें.

आमच्या शेजारीं कांबळ्यावर एक वृद्ध शेतकरी बसले होते. तीन-चार फेऱ्या झाल्यावर कन्येनें आम्हांस विचारिलें, "बाबा, पहिला नंबर कोणाचा आला हें बैलांना कळतें का?" आम्ही उत्तर शोधीत होतों, इतक्यांत तेच म्हणाले, "नाय कळत, पोरी. त्याला येवढंच कळतं, धनी खूश हाये का नाय." ह्या एका वाक्यावर आम्ही त्यानंतर पुष्कळ विचार केला आहे. जो फक्त धन्याच्या आनंदासाठीं धांवतो, त्याच्याशीं धन्यानें कसें वागावें? सगळा पाठ ह्या प्रश्नांत येतो.

पुढच्या फेरीला एका गाडीच्या हांकणाऱ्यानें बैलाचें शेपूट पिळून दांतांत धरलें. पंचांनीं तें पाहिलें व ती गाडी बाद केली. त्याबरोबर मैदानाच्या अर्ध्या भागांतून पंचांच्याच नांवानें ओरडा झाला. मुलांच्या आईनें विचारिलें, "हे लोक कोणाच्या बाजूनें ओरडताहेत, बैलाच्या कीं शेपूट चावणाऱ्याच्या?" थोड्या वेळानें दुसऱ्या एका मालकाच्या काठीच्या टोकाला बसविलेली आर स्वयंसेवकांनीं काढून घेतली. तो मालक आमच्यापासून वीस हातांवर आपल्या बैलाशीं उभा होता. बैलाच्या तोंडाला फेंस आला होता व वेसणीपाशीं नाक सोललें होतें. आणि हाच मनुष्य त्या बैलाला गूळ चारीत होता, त्याच्या गळ्याला मिठी मारीत होता, त्याचे डोळे भरले होते. आजूबाजूचे लोक सांगत होते कीं, ह्या बैलाला रोज दूध, अंडीं, बदाम मिळतात. घरच्या मुलांना मिळत नाहींत. ते अश्रू खोटे होते असें आम्ही म्हणत नाहीं. ते खरे होते, आणि आरही खरी होती. दुष्टाच्या दयेविषयींचा तो अर्धा भाग आम्हांस तेथें प्रत्यक्ष दिसला. त्या मनुष्याला आपला बैल प्रिय होता, पण त्याचा जीव तो जाणत नव्हता. त्याला त्या बैलांत आपलें स्वतःचें नांवच दिसत होतें.

पराणी हा शब्द आपल्या शास्त्रांतही येतो. दिमिष्काच्या वाटेवर प्रभूनें शौलाला जो दृष्टांत ऐकविला, तो बैल पराणीला लाथ मारतो ह्या अनुभवावरून घेतलेला आहे. आपल्यापैकीं ज्यांनीं नांगर धरला आहे त्यांना त्याचा अर्थ पंडितांपेक्षां चांगला लागतो. पण लक्षांत घ्या, प्रभूनें ती उपमा शौलाला जखमी करण्यासाठीं योजिली नाहीं, थांबविण्यासाठीं योजिली.

परत येतांना मुलानें एस. टी.मध्यें सांगितलें कीं, बर्फावरून गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांची शर्यत त्यानें शाळेंतील मित्राच्या फोनवर पाहिली आहे, आणि तेथें तर चाकेंही नसतात. त्या रात्रींच्या घरच्या प्रार्थनेंत आम्हीं मुलांना ह्या कुत्र्यांच्या ज्या कथा सांगितल्या, त्या येथेंही देतों, कारण मिशन-कार्याशीं त्यांचा जवळचा संबंध आहे.

उत्तर ध्रुवाकडील प्रदेशांत वर्षांतील बरेच महिने सर्व भूमि व समुद्राचा कांठ गोठलेला असतो. तेथें बैल जगत नाहीं. म्हणून दाट केसांचीं दणकट कुत्रीं एका दोरीला जोडीजोडीनें बांधून घसरगाडी ओढवितात. त्यांच्या नाकांत वेसण नसते, तोंडांत लगाम नसतो. सर्वांत पुढें जें कुत्रें असतें तें हांकणाऱ्याचा शब्द ऐकून उजवीकडे किंवा डावीकडे वळतें, व बाकीचीं त्याच्यामागें जातात. धन्याचा आवाज हीच त्यांची दोरी. हडसन स्टक नांवाचे मिशनरी आर्चडीकन अलास्कांतील मंडळ्यांना भेटी देण्यासाठीं हिवाळ्यांत अशाच गाडीनें फिरत; आपल्या दहा हजार मैलांच्या प्रवासाचें पुस्तक त्यांनीं १९१४ सालीं प्रसिद्ध केलें. आपल्या उपदेशकांना हर्सूलचा घाट पावसाळ्यांत लांब वाटतो, म्हणून हें सांगितलें.

जानेवारी १९२५ मध्यें अलास्कांतील नोम ह्या गांवीं मुलांत घटसर्पाची सांथ आली. आपले शेतकरी ह्याच नांवाचा बैलांचा रोग जाणतात. येथें मुलांच्या घशाचा रोग समजावा. गांवांतील डॉक्टरांपाशीं उपयोगी लस उरली नव्हती, बंदर गोठलें होतें. तेव्हां आगगाडीच्या ठाण्यापासून नोमपर्यंत सुमारें १०८५ किलोमीटर औषध कुत्र्यांच्या गाड्यांनीं नेण्याचें ठरलें. वीस हांकणारे व सुमारें दीडशें कुत्रीं ह्यांनीं एकामागून एक टप्पे करून तें सहा दिवसांच्या आंत पोंचविलें. सर्वांत लांबचा व धोक्याचा टप्पा लेओनार्ड सेप्पाला ह्यांचा होता व त्यांच्या पुढच्या कुत्र्याचें नांव टोगो. परंतु २ फेब्रुवारीच्या पहांटे औषध घेऊन गांवांत शिरलेल्या गाडीच्या पुढें बाल्टो नांवाचें कुत्रें होतें, म्हणून जगानें बाल्टोचें नांव घेतलें. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या मोठ्या बागेंत त्याचा पुतळा उभा राहिला. शेवटच्या टप्प्याचा मानकरी व सर्वांत जास्त धांवणारा हे नेहमीं एकच असतात असें नाहीं. मंडळ्यांच्या वार्षिक अहवालांतही असें होतें, पण तो विषय येथें नको.

आमच्या मुलांना खरें दुःख झालें तें पुढचा भाग ऐकून. पुतळा बागेंत उभा असतांना तो जिवंत बाल्टो व त्याचे सहा सोबती लॉस एंजेलिस शहरांत एका हलक्या तमाशाच्या खोलींत, पैसे घेऊन दाखविण्यासाठीं, आजारी व उपेक्षित अवस्थेंत बांधलेले होते. १९२७ सालीं क्लीव्हलंड येथील एका व्यापाऱ्याच्या ते दृष्टीस पडले. त्या शहरांत वर्गणी झाली, शाळेंतील मुलांनीं नाणीं जमविलीं, व दोन हजार डॉलर भरून सातही कुत्रीं सोडवून आणण्यांत आलीं. बाल्टो क्लीव्हलंडच्या प्राणिसंग्रहांत १९३३ पर्यंत जगला. कन्येनें लगेच विचारिलें, "मग आज हरलेला बैल कोठें जाईल?" घरांत कोणी उत्तर दिलें नाहीं. हरलेला किंवा लंगडा झालेला शर्यतीचा बैल नांगराला उपयोगी पडत नाहीं, कारण त्यानें कधीं नांगर ओढलेला नसतो. ज्या दिवशीं त्याचें नांव कर्ण्यावर पुकारणें बंद होतें, त्या दिवशीं बदामही बंद होतात.

अलास्कांत १९७३ पासून दरवर्षीं मार्च महिन्यांत सुमारें सोळाशें किलोमीटरची कुत्र्यांची मोठी शर्यत होते. तिचें नांव इडिटारॉड. तेथें वाटेवरच्या ठाण्यांवर पशुवैद्य असतात, एकदां सक्तीची पूर्ण चोवीस तासांची विश्रांति घ्यावी लागते, व थकलेलें कुत्रें गाडींतून सोडवून मागें ठेवावें लागतें. तरीसुद्धां त्या शर्यतींत कांहीं वर्षीं कुत्रीं मेलीं आहेत, आणि ती असावी कीं नसावी ह्यावर तेथेंही वाद आहे. म्हणजे हा प्रश्न केवळ आपल्या जत्रांचा नाहीं.

दुसरी कथा डॉक्टर विल्फ्रेड ग्रेनफेल ह्यांची. हे वैद्यकीय मिशनरी न्यूफाउंडलंड व लॅब्रॅडोर ह्या बर्फाळ किनाऱ्यांवर कोळी लोकांची सेवा करीत. १९०८ सालच्या ईस्टरच्या वेळीं, पायाच्या हाडाला रोग झालेल्या एका मुलाकडे जाण्यासाठीं ते कुत्र्यांच्या गाडीनें निघाले. उपसागरावरील बर्फ फुटलें, गाडी बुडाली, आणि ते कुत्र्यांसह एका लहानशा बर्फाच्या तुकड्यावर समुद्राकडे वाहून जाऊं लागले. कपडे भिजलेले, वारा प्राण घेणारा. त्या रात्रीं जगण्यासाठीं त्यांनीं आपल्या कुत्र्यांपैकीं तीन मारिलीं व त्यांचीं कातडीं पांघरलीं. त्यांच्याच हाडांची काठी बांधून सकाळीं तिच्यावर सदरा हालविला. किनाऱ्यावरील लोक होडी घेऊन आले व त्यांनीं त्यांस वांचविलें. पुढें त्या मुलावरही उपचार झाले. परंतु डॉक्टरसाहेबांनीं ती रात्र विसरून टाकिली नाहीं. सेंट अँथनी येथें आपल्या घरांत त्यांनीं पाटी लाविली, व तिच्यावर मूडी, वॉच, स्पाय हीं तीन नांवें कोरलीं. आपल्या जिवासाठीं ह्यांचे जीव गेले अशी नोंद केली.

हें उदाहरण आम्हांस फार मोलाचें वाटतें, कारण तें सोपें नाहीं. पशूचा प्राण मनुष्यानें कधींच घेऊं नये असें शास्त्र म्हणत नाहीं. ग्रेनफेल ह्यांनींही घेतला. पण तो करमणुकीसाठीं घेतला नाहीं, आणि घेतल्यावर तो फुकट मिळाला असें मानिलें नाहीं. नेफेश जाणणें म्हणजे काय, ह्याचा अर्थ त्या पाटीवरून कळतो.

आतां पौलाकडे येऊं, कारण शर्यतीचे समर्थक बंधु त्याचाच आधार घेतात. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनीं इस्थमी खेळ भरत. तेथें विजयी वीराला पानांचा मुकुट मिळे, व तो थोड्या दिवसांत सुकून जाई. पौलानें त्या धांवण्याची उपमा विश्वासाच्या जीवनाला दिली आहे, हें खरें. पण सत्ताविसावें वचन नीट वाचा. पौल दंड कोणाच्या शरीराला देतो? स्वतःच्या. ख्रिस्ती शर्यतींत धांवणाराही आपण व घाम गाळणाराही आपण. बैलगाडीच्या शर्यतींत घाम एकाचा व दुचाकी दुसऱ्याची, कधीं ट्रॅक्टर, कधीं मोटारगाडी. ह्या दोन गोष्टींना पौलाच्या नांवानें एका जुवाला जुंपूं नये. जुवावरून आठवलें : बैल व गाढव एकत्र जुंपूं नये अशी अनुवादांत आज्ञा आहे, कारण दोघांची चाल व ताकद निराळी. कोठें कोठें आज घोडा व बैल एकत्र जुंपून पळवितात. अशा शर्यतीला आमच्या लोकांनीं प्रेक्षक म्हणूनही उभें राहूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

बलामाच्या गाढवीची कथा प्रत्येक उपदेशक लहान मुलांना सांगतो, पण ती मोठ्या माणसांना सांगण्यासारखी आहे. गाढवीला देवदूत दिसत होता व संदेष्ट्याला दिसत नव्हता. आणि देवदूतानें बोलावयास आरंभ केला तो बलामाच्या मोठ्या पापापासून नव्हे. तूं हिला तीन वेळां कां मारलेंस, हा त्याचा पहिला प्रश्न होता.

पोळ्याविषयींही एकदोन पत्रें आहेत. बैलाची पूजा आपण करीत नाहीं. पण खांदेमळणी, म्हणजे जुवानें सोललेल्या खांद्याला हळद-तूप चोळणें, ही पूजा नव्हे, औषध आहे. आपल्या कांहीं घरांतून मूर्तिपूजेच्या भीतीनें तेंही बंद झालें, व पोळ्याच्या दिवशीं शेजाऱ्यांचे बैल विसावा घेत असतां ख्रिस्ती मनुष्याचा बैल नांगराला जुंपलेला दिसतो. शेजारी ह्यावरून आपल्या धर्माविषयीं काय समजत असतील? पौषांत निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्यांबरोबर बैलगाड्या येतात, तेव्हां पुष्कळ वारकरी स्वतः भाकरी खाण्यापूर्वीं बैल सोडून त्यांना पाणी दाखवितात. हें आम्हीं त्र्यंबकच्या रस्त्यावर पाहिलें आहे. जेथें चांगलें दिसेल तेथें तें शिकावें.

तर मग जावें कीं नाहीं? परवानगी असेल, उपासनेची वेळ मोडत नसेल, तर मुलांना घेऊन एकदां जाण्यास आम्ही मनाई करीत नाहीं. पण आईबापांनीं मुलांशेजारीं बसावें व जें दिसेल त्याविषयीं बोलावें. आर किंवा चाबूक दिसला तर पंचांना सांगावें, आणि पंच ऐकत नसतील तर पोरांचा हात धरून उठून यावें. मुलांना त्या उठण्याचीच आठवण राहील. पैज लावूं नये. घरीं गेल्यावर प्रथम आपल्या गोठ्यांत जावें. उपदेशकांनीं ह्या रविवारीं प्रत्येक घराला इतकेंच विचारावें कीं, तुमच्या बैलाच्या खांद्यावर आज जखम आहे कीं नाहीं. ज्याला पाहिल्याशिवाय सांगतां येणार नाहीं, त्याला पाठाचें वचन पुन्हां वाचावयास द्यावें.

खाचर गहाण टाकूं पाहणाऱ्या तरुणाकडे आम्ही उपदेशकाबरोबर गेलों होतों. "पाळकसाहेब, वचन दाखवा," असें तो दारांतच म्हणाला. आम्हीं वचन दाखविलें नाहीं. कागद-पेन्सिल मागितली व त्याच्याकडूनच हिशोब लिहविला. खोंडाची किंमत लाखांच्या घरांत, त्याचा रोजचा खुराक, गाडीभाडें, पशुवैद्याची फी. आणि समोरच्या बाजूला आईचें औषध, बहिणीचें लग्न, खाचरांत पिकणारें वर्षाचें भात. बेरीज त्यानें स्वतः केली. मग आम्हीं विचारिलें, हरला तर हा कोणाच्या दावणीला जाईल? तो कांहीं बोलला नाहीं. त्याची आई चुलीपाशीं बसली होती. ती म्हणाली, "त्याच खाचरांत ह्याच्या बापानं डांगीच्या जोडीवर चिखलणी केली. बैल म्हातारा झाला तरी इकला नाय, दारांतच मेला. माती ह्यानंच दिली, लहान होता तवा." तरुणानें हें ऐकून पेन्सिल खालीं ठेविली व विचार करण्यास आठ दिवस मागितले.

हा मजकूर लिहीपर्यंत खाचर गहाण पडलेलें नाहीं. खोंडाच्या मालकाला दिलेला विसार मात्र परत मिळणार नाहीं, असें उपदेशक कळवितात. त्या पैशाची भरपाई भाताच्या विक्रींतून करावी लागेल, आणि बहिणीच्या लग्नाची तारीख पुढें गेली आहे. मंडळीनें ह्या घरासाठीं प्रार्थना करावी.

पुढील आठवड्याचा पाठ : योना, अध्याय ४. शेवटच्या वचनांत निनवेच्या मुलांबरोबर गुरांचाही उल्लेख कां आहे, ह्याचा उपदेशकांनीं आधीं विचार करून यावा.